सहा टीबी जागा

निळ्या पडद्यावर पाच ओळी होत्या आणि पांढरा पट्टा तिसऱ्या ओळीवर उभा होता. खालच्या बाणाचं बटण एकदा दाबलं असतं तर तो चौथ्या ओळीवर गेला असता. माझं बोट त्याच बटणावर होतं.

"थांबलास का?" विश्वनाथमालकांनी विचारलं. "अडकलं का काय?"

"नाही मालक. एक विचारायचं राहिलं. रेड पाच करू की रेड सहा?"

"ते काय असतंय ते सांग की आधी."

मालक खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा जकार्ड चादरींचा कारखाना होता. काचेच्या पलीकडे बत्तीस माग खडखडत होते, त्यामुळे ऑफिसातसुद्धा बोलायचं म्हणजे आवाज चढवूनच. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. नव्या पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तोवर माझी मजल प्रिंटरची शाई भरणं आणि कॉलेजच्या पोरांच्या पेन ड्राइव्हमधले व्हायरस काढणं इथपर्यंतच गेली होती. सर्व्हर मी आयुष्यात पहिल्यांदाच बसवत होतो, आणि हे मालकांना कळू नये म्हणून सकाळपासून फार सराईत चेहरा करून वावरत होतो.

"हे बघा मालक," मी म्हणालो, "या पेटीत चार डिस्क आहेत. चौघींनी मिळून एकच ओझं न्यायचं, पालखीसारखं. रेड पाच केलं तर एका भोयानं खांदा काढला तरी पालखी पडत नाही. रेड सहा केलं तर दोघांनी काढला तरी पडत नाही."

"मग सहाच कर की."

"पण जागा कमी मिळते. पाचमध्ये तीन डिस्कची जागा वापरायला मिळते, सहामध्ये दोनच डिस्कची. बाकीची सांभाळण्यात जाते."

मालकांच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे चार आणायच्या आणि दोनच वापरायच्या? चार माग घेऊन दोन चालवायचे व्हय? असला धंदा केलो असतो तर आजोबाच्या हातमागावरच बसलो असतो मी."

खिडकीशी बसलेले मल्लय्या मास्तर हसले. मल्लय्या चिलवेरी हे कारखान्याचे डिझाइन मास्तर. वय त्रेसष्ट, चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी जाड. ही सगळी यातायात चालली होती ती त्यांच्याच कामासाठी. अडतीस वर्षं त्यांनी चौकटीच्या कागदावर चादरींची नक्षी काढली होती. कागदावरचा एकेक चौकोन म्हणजे धाग्याची एकेक गाठभेट. तो भरलेला असेल तर धागा वर, कोरा असेल तर खाली. अशा अकरा हजार चारशे कागदांवर त्यांचे मोर, हत्ती, वेली, कोयऱ्या आणि गालिच्यांच्या किनारी होत्या. कारखान्यात या कागदांना नुसतं 'ग्राफ' म्हणत. गोदामात वाळवी शिरली होती आणि ग्राफ खाऊ लागली होती. म्हणून ते सगळे स्कॅन करून या पेटीत ठेवायचे होते.

"गुरू," मास्तरांनी विचारलं, "आणि पाच नंबरात दोन भोई बसले तर?"

"दोघं एकदम कशाला बसतील मास्तर? एक बसला की लाल दिवा लागतो. मी येतो, त्याच्या जागी दुसरा उभा करतो. झालं."

"ऐकलाव का मास्तर?" मालक म्हणाले. "निवांत राहा तुम्ही. पाच कर रे."

मी बाणावरचं बोट उचललं आणि एंटर दाबलं.

*

स्कॅनिंगला वर्ष होत आलं. ग्राफ आणून देण्याचं काम मास्तरांच्या बायकोनं अंगावर घेतलं होतं. राजव्वाकाकू बुटक्या, चपळ, आणि बोलायला कोणाच्या बापाला न घाबरणाऱ्या. मास्तर नक्षीची रेघ काढत आणि चौकोन भरत त्या. घरी, दोन पायांमध्ये पाट धरून, तीन केसांच्या कुंचल्यानं. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचं नाव कधीच नव्हतं. पण अकरा हजार चारशे कागदांवरचा रंग त्यांच्या हातचा होता, आणि हे मालकांसकट सगळ्यांना ठाऊक होतं.

काकू गठ्ठा सोडायच्या आणि एकेक ग्राफ माझ्या हातात देताना त्याची जन्मकथा सांगायच्या. मला घाई असायची, त्यांना नसायची.

"हा मोर बघ. चौदा दिवस लागले ह्याला. शेपटीपाशी आलो आणि लाल रंग संपला. दुकान बंद. मग काय करलो माहिताय? कुंकू कालवून भरलो."

"काकू, मशीनला ते कळत नाही."

"मशीनला नाय कळंना. तुला कळू दे की."

त्याच वर्षात मास्तरांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. काचबिंदू होता, फार उशिरा कळला. डावा डोळाही नळीतून बघावं तसा चारी बाजूंनी मिटत चालला होता. नवा ग्राफ आता ते काढू शकत नव्हते. कागद नाकाला लावून बसत, रेघ सुरू करत आणि दोन बोटं गेल्यावर ती कुठे होती हेच त्यांना सापडत नसे. काकू त्यांच्या हातातून पेन्सिल काढून घेत आणि दुसऱ्याच विषयावर बोलायला लागत. म्हणजे जे होतं ते एवढंच होतं, त्यात आता एकाचीही भर पडणार नव्हती.

शेवटचा गठ्ठा स्कॅन झाला तेव्हा गोदामातली वाळवी मागांच्या लाकडापर्यंत पोहोचली होती. मालकांनी ग्राफ जाळायचं ठरवलं. मागच्या अंगणात कामगारांनी ढीग केला. मी बाहेरची एक वेगळी डिस्क घेऊन तिच्यावरही सगळं उतरवून ठेवू असं सुचवलं होतं. मालक म्हणाले, पुढच्या साली बघू. मीही बरं म्हणालो. गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा तेच सांगायला मला तेव्हा लाज वाटायची.

काकूंनी मोराचा गठ्ठा पोटाशी धरून ठेवला होता. वाळवीनं त्याची एक कड पार चाळणी केली होती.

"गुरू, आत ऱ्हातंय का नक्की?"

"राहतंय काकू. कागदाला वाळवी लागते, त्याला लागत नाही."

"तू सांगलालास म्हणून टाकतो बघ," असं म्हणून त्यांनी तो गठ्ठा स्वतःच्या हातानं विस्तवात टाकला.

*

सोलापुरात खंडेनवमीला यंत्र चालवत नाहीत. पूजा असते त्याची. मालकांचा कारखाना या बाबतीत फार कडक. माग पुसून, तेल देऊन, झेंडू लावून ठेवलेले. बॉयलर गार, कॉम्प्रेसर गार, भिंतीवरच्या घड्याळाचासुद्धा सेल काढलेला. एरवी खडखडाटात एकमेकांवर ओरडणारी माणसं त्या दिवशी कुजबुजत बोलतात. मला दर वर्षी जेवायचं बोलावणं असायचं.

आदल्या वर्षी स्कॅनिंग चालू होतं म्हणून सर्व्हर तसाच चालू ठेवून त्याला हार घातला होता. त्यानंतरचं वर्ष मालकांना वाईट गेलं. दोन मोठी गिऱ्हाइकं तुटली, एक माग मोडला.

"चालू यंत्राला हार घातलो, त्याचं फळ हाय हे," मालक म्हणाले. "ह्या साली काहीच चालू नको. गुरू, ते पेटीतलं बंद केलं तर चालतंय ना?"

"चालतंय की मालक," मी म्हणालो.

शेवटचं यंत्र बंद करायचा मान सगळ्यात जुन्या माणसाचा. तो अर्थातच मास्तरांचा होता. मास्तर नवा सदरा घालून, काकूंच्या खांद्यावर हात ठेवून आले. काकूंच्या हातात आरतीचं तबक होतं.

"कुठं हाय बटण?" मास्तरांनी विचारलं.

मी त्यांचं बोट धरलं आणि बटणावर नेऊन ठेवलं. "एकदा हलकं दाबा. बाकीचं ते स्वतः करतंय."

त्यांनी दाबलं. दिवे एकेक करून विझले. आतला पंखा हळूहळू उतरत गेला आणि थांबला. जवळजवळ पावणेदोन वर्षांत ती पेटी पहिल्यांदाच गप्प झाली होती. मास्तर कान देऊन ऐकत होते.

"झोपलं," ते म्हणाले.

काकूंनी पेटीला हळदकुंकू लावलं, वर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि डोळे मिटून हात जोडले. त्या दिवशी पुरणपोळी मी इतकी खाल्ली की दुकानात जाऊन आडवाच झालो.

दसऱ्याला दुपारी मुहूर्तावर सगळं पुन्हा चालू करायचं होतं. माग सुरू झाले, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. शेवटी आम्ही ऑफिसात आलो. मास्तरांनी आज माझी मदत घेतली नाही. कालची जागा त्यांच्या लक्षात होती. त्यांनी चाचपून बटण शोधलं आणि दाबलं.

पंखा गरगरला. मग एक आवाज आला, टिक्, टिक्, टिक्. सुतारपक्षी लांबवर चोच मारत असावा तसा. चार दिव्यांपैकी दोन हिरवे झाले. दोन लाल झाले आणि लालच राहिले.

"दोन लाल कशाला गं?" मास्तरांना तेवढा रंग दिसत होता.

"सणाचं असंल," काकू म्हणाल्या.

माझ्या तोंडातला पेढा तसाच राहिला. मी पेटी बंद केली, चालू केली. डिस्क काढून पुन्हा बसवल्या, जागा बदलल्या, तारा बदलल्या. पुन्हा टिक्, टिक्. पडद्यावर लिहून आलं होतं की चारांपैकी दोन सापडत नाहीत आणि ओझं उचलता येत नाही. इंग्रजीत होतं, पण त्याचा अर्थ तेवढाच होता. मालक मागे उभे राहून विचारत होते, किती वेळ लागंल. मी म्हणत होतो, बघतो. संध्याकाळपर्यंत मी तेच एक म्हणत राहिलो. दारात लोक आपट्याची पानं घेऊन येत होते आणि मी उठून ती घेतही होतो.

काकू घरी गेल्या नाहीत. खुर्चीवर पाय वर घेऊन बसून राहिल्या. उजेड कमी झाला तेव्हा त्यांनी विचारलं, "मोर हाय का बघ फक्त."

"काकू, तसं एकेक बघता येत नाही."

"एकच बघ की रे."

एक डिस्क मेली असती तर मी हसत हसत नवी बसवली असती. पण पाच नंबरात एकीचीच माफी असते. दोन गेल्या की उरलेल्या दोघी असून नसून सारख्या. त्यांच्यावर प्रत्येक ग्राफचे तुकडे होते, पण सबंध असा एकही नव्हता. चालू मालाची एकोणीस डिझाइनं मागांच्या पेन ड्राइव्हवर होती, तेवढी वाचली. त्यांत मोर नव्हता. बाजारात चादरी होत्या, पण चादरीवरून धागा मोजून ग्राफ काढू शकणारा माणूस कारखान्यात एकच होता आणि त्याला आता स्वतः काढलेली रेघ दिसत नव्हती.

*

पुण्याला मेलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारा एक जण होता. चारही डिस्क पंच्यात गुंडाळून मी निघालो तर मास्तर एसटी स्टँडवर येऊन बसलेले.

"मी येतो. माझं हाय ते," म्हणाले. सबंध प्रवासात पिशवी त्यांनी स्वतःच्या मांडीवर धरून ठेवली. खड्डा आला की ते पिशवी वर उचलायचे. आता उचलून काही उपयोग नाही हे मला ठाऊक होतं. ते त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

दहा दिवसांनी निकाल घ्यायलाही आम्ही दोघंच गेलो. मास्तर बाहेर बाकावर बसले. त्या माणसानं मला काचेआडच्या खोलीत नेलं आणि उघडलेली डिस्क दाखवली. आरशासारख्या तबकडीवर गोल गोल चरे पडले होते. महिनोन्महिने फिरून गरम राहिलेली तबकडी एकदम गार पडली की कधी कधी अडकते, आणि अडकलेली जोरानं फिरवली की वरची सुई तिला खरवडते. दुसरीही तशीच होती.

"एकाच खोक्यातल्या दिसतात," तो म्हणाला. "नंबरही लागोपाठचे आहेत. एकीला जे होणार ते दुसरीला होणारच. अहो, असल्या कामाला पाच का केलंत? सहा असतं तर तुम्हाला इथं यावंसुद्धा लागलं नसतं."

"काहीच निघणार नाही?"

"माती निघेल," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला.

मी बाहेर आलो. मास्तरांनी पावलांवरून मला ओळखलं आणि तोंड वर केलं. मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली. मग तोंड रस्त्याच्या आवाजाकडे वळवलं.

"गुरू, मी बटण दाबलो म्हणून गेलं का?"

माझ्या जिभेवर सगळं होतं. पण त्यांच्या प्रश्नातच मला एक वाट दिसली आणि मी तिच्यात शिरलो.

"गार पडल्यावर अडकतात मास्तर. कधी कधी."

"म्हणजे बंद केल्यामुळं."

"तसं... हो."

"म्हणजे मीच की," मास्तर म्हणाले आणि पिशवी उचलून उभे राहिले.

*

माझ्यावर ठपका आला नाही. मालकांनी गावभर सांगितलं की गुरूचा काही दोष नाही, देवाची करणी. कामगारांत बोललं जाई, मास्तरच्या हातून गेलं बे. दुष्टपणानं नाही, एखाद्याच्या घरातलं मयत बोलतात तशा आवाजात. मी तोंडात मूग धरून बसलो. पुढे मला आणखी कारखाने मिळाले, एका रुग्णालयाचं काम मिळालं. गिऱ्हाइकाला मी आता छाती पुढे काढून सांगतो की सहाच करा आणि दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत ठेवा. बैल गेला आणि झोपा केला, त्या झोप्यावर माझं बरं चाललं आहे. मास्तर त्या दिवाळीनंतर कारखान्यात आलेच नाहीत. काकू गेल्याचं मला कळलं होतं. मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात मास्तरांचा भाचा प्रिंटर घ्यायला दुकानात आला. बोलता बोलता म्हणाला, "मामा तुमची लई आठवण काढतात. गुरू कसा हाय, विचारत असतात." अकरा वर्षांनी मी साखर पेठेतल्या त्यांच्या खोलीवर गेलो.

मास्तर खाटेवर बसले होते. आता दोन्ही डोळे गेलेले. अंगानं निम्मे झाले होते, पण माझा आवाज ऐकताच सरकून त्यांनी मला जागा करून दिली. माझ्या बायकोचं, पोरीचं विचारलं. मला ते सहन होईना.

"मास्तर, एक सांगायला आलोय. ते तुमच्यामुळं गेलं नव्हतं."

ते काय, हे त्यांनी विचारलं नाही. "बोल," म्हणाले.

मी सांगितलं. पडद्यावर पाच ओळी होत्या, मी एक ओळ खाली जायला हवं होतं, हे सांगितलं. जे पुन्हा करता येणार नाही त्याला सहाच करावं, आणि चारी डिस्क एका खोक्यातल्या घेऊ नयेत, हे मी बसवायच्या आधी वाचलं होतं, खाली रेघसुद्धा मारली होती. पण काम घेताना मालकांना दिलेल्या पत्रात मी मोठ्या अक्षरांत लिहून बसलो होतो, सहा टीबी जागा मिळेल. सहा नंबर केला असता तर चार टीबीच मिळाली असती, आणि माझंच पत्र खोटं पडलं असतं. म्हणून मी मालकांना असं विचारलं की ते पाचच म्हणतील. सहा असतं तर तुम्ही शंभरदा बंद करून शंभरदा चालू केलं असतंत तरी काही बिघडलं नसतं. दोन डिस्क मेल्या असत्या, मी दोन नव्या बसवल्या असत्या आणि पेढा खाऊन घरी गेलो असतो.

माझं संपल्यावर मास्तरांनी विचारलं, "आपले समदे ग्राफ मिळून किती झालं होतं रे?"

हा प्रश्न तेवढा येऊ नये असं मला वाटत होतं. कारखान्यात मी दर महिन्याला जायचो, दिवे बघायचो आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडाही बघायचो.

"सव्वा टीबी."

"सहातलं सव्वा?"

"हो. स्कॅनिंग संपलं तेव्हा सव्वा होतं. शेवटपर्यंत तेवढंच होतं. मालक कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणार होते, ते राहिलं."

"मग चारात बसलं असतं की."

"तीनदा बसलं असतं मास्तर."

त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. मी त्यासाठीच आलो होतो म्हणा ना.

"राजव्वाला जाऊन पाच वर्षं झाली," ते म्हणाले.

"हो."

"एरवी काय बोलायची नाय ती. खंडेनवमी आली की विचारायची. सकाळी, चूल पेटवायच्या आधी. कशाला दाबलाव तुम्ही? दुसऱ्या कुणाला दाबू द्यायचं होतं. दर साली. मी म्हणायचो, अगं, मशीनच तसलं असंल, कुणीबी दाबलं असतं तरी गेलं असतं. तर म्हणायची, तसं असतं तर गुरू सांगितला असता की. गुरू खोटं बोलणारा पोरगा नव्हं."

भाचा चहा घेऊन आला. मास्तरांनी त्याला विचारलं, पाहुण्याला आधी दिलास का.